शेवटच्या ताटीचं शेपूट

टायबर नदीच्या काठी, मिठाचे पडाव लागतात तिथून थोडं वर, वाळुंजाची झाडं पाण्यावर वाकून उभी आहेत. त्या झाडांखाली वोपिस्कस तादियस टोपल्या विणत बसायचा. डाव्या हाताला भिजवलेल्या फोकांची मोळी, उजव्या हाताला कोयती, आणि दोन्ही पायांच्या अंगठ्यांत धरलेलं टोपलीचं बूड. त्याचा पत्ता कोणाला विचारावा लागत नसे. नदीकडून हसणं ऐकू आलं की त्या दिशेने चालू लागावं.

जुळ्यांतलं एक जन्मतःच गेलं आणि दुसरं राहिलं, तर राहिलेल्याचं नाव आमच्यात वोपिस्कस ठेवतात. तो म्हणायचा, "दोघांच्या वाटचं जगायचंय मला. मग घाई कशाला?" आणि खरंच त्याने कशाचीच घाई केली नाही. चालणं सावकाश, खाणं सावकाश, बोलणं तर त्याहून सावकाश. लग्नालाही तो इतका उशिरा उभा राहिला, की हेरेनियाच्या बापाने त्याला नवऱ्याचा काका समजून बसायला आसन दिलं होतं.

वर्षातून एक दिवस मात्र तो कोंबड्याच्या आधी उठायचा. तो दिवस कॉन्सल निवडण्याचा.

राजाला हाकलून दिल्याला साडेतीनशे वर्षं होऊन गेली होती. तेव्हापासून दरसाल दोन माणसं निवडायची, कारभार त्यांच्या हाती द्यायचा, आणि वर्ष सरलं की काढून घ्यायचा, अशी रीत पडली होती. दोघं अशासाठी, की एकाचं डोकं फिरलं तर दुसऱ्याने त्याचा हात धरावा. त्या दिवशी पहाटे भिंतीवरून शिंग वाजे. लोक धुतलेले तोगे, म्हणजे ती लांबलचक लोकरी वस्त्रं, अंगाभोवती गुंडाळून वेशीबाहेर, मार्स देवाच्या माळावर जमत. नदीपलीकडे जानिकुलमच्या टेकडीवर लाल निशाण चढे. ते वर आहे तोवर सभा, ते उतरलं की सभा मोडली. माळावर फोकांनी विणलेल्या ताट्या उभ्या करून कुंपणं केलेली असत. त्यांना लहानथोर सगळे मेंढवाडाच म्हणत, आणि आत जातही तसेच, एकामागे एक. कुंपणाच्या टोकाला एक अरुंद फळी, फळीच्या शेवटी मत विचारणारा. तो प्रत्येकाला विचारी, "कोण?" माणूस नाव घेई. विचारणारा मेणाच्या पाटीवर त्या नावापुढे टिंब टोची. झालं.

त्या मेंढवाड्याच्या ताट्या तादियसांच्या घरातून जात. आधी बापाने विणल्या, मग वोपिस्कसने. आणि गंमत अशी, की ज्यांनी कुंपण विणलं त्यांना त्या फळीवर पाऊल टाकायला कधी मिळालं नव्हतं.

मतं माणसांची नव्हे, जथ्यांची धरत. एकूण जथे एकशे त्र्याण्णव. जथ्यात ज्या नावाला जास्त टिंबं, ते त्या जथ्याचं मत. सत्त्याण्णव जथे एका नावावर आले की तो माणूस निवडला गेला. बोलावणं श्रीमंतांपासून सुरू होई, आणि श्रीमंतांचे जथे भारी पुष्कळ, प्रत्येकात माणसं मूठभर. मग मधले, मग त्यांच्या खालचे, असे ऐपतीनुसार जथ्यांचे पाच वर्ग. ज्यांच्यापाशी मोजणीत लिहून घ्यायला ना शेत ना गुरं, नुसतं खांद्यावर डोकं, त्या सगळ्या हजारोंचा मिळून एकच जथा, तोही सगळ्यात शेवटी. वोपिस्कस त्या जथ्यातला. बहुतेक वर्षी दुसरा वर्ग संपायच्या आत दोन्ही कॉन्सल ठरत. दवंडीवाला ओरडे, "निवड झाली, घरी जा!" आणि खालचे लोक ज्या पायांनी आले त्या पायांनी परत फिरत.

बाप अठ्ठावीस वेळा गेला आणि अठ्ठावीस वेळा परत आला. त्याने एक चाल पाडून ठेवली होती. विणकाम संपलं की फोकांची बाहेर आलेली टोकं छाटायची असतात, नाही तर जाणाऱ्यायेणाऱ्याचे कपडे अडकतात. बाप सगळ्या ताट्यांची टोकं नीट छाटायचा. फक्त शेवटच्या जथ्याच्या कुंपणातली, फळीला लागून येणारी शेवटची ताटी असे, तिचं एक टोक वीतभर तसंच ठेवायचा. कोणी विचारलं तर म्हणे, "काम पुरं झाल्यावर छाटायचं असतं. आम्हाला विचारलं की काम पुरं झालं."

बाप गेला. वोपिस्कसने ताट्या विणल्या आणि शेवटच्या ताटीचं शेपूट ठेवलं. पुढच्या वर्षीही ठेवलं. अशी एकतीस वर्षं झाली.

शेजारी लार्तियस परीट राहायचा. निवडणुकीला उभे राहणारे लोक आपले तोगे खडूने पांढरे फेक करून घेत, ते काम त्याचं. त्याचं नाव पाचव्या वर्गात होतं, वोपिस्कसच्या एकच पायरी वर. त्या एका पायरीवरून तो खाली असं बघायचा, जसा कोणी डोंगरावरून बघतोय. एका वर्षी, फार पूर्वी, पाचव्या वर्गाला खरोखर बोलावलं होतं. लार्तियसने तेव्हा मत दिलं होतं, आणि ही गोष्ट त्याने त्यानंतर एकही दिवस कोणाला विसरू दिली नव्हती.

"काय गड्या, यंदाही जाणार?" तो दरसाल विचारी.

"जाणार तर."

"तुला कोण विचारतंय?"

"कोणी नाही विचारलं अजून. म्हणून तर जातो."

"आम्हाला विचारलं होतं बरं का."

"ठाऊक आहे. तुझ्या अंगाला वास येतो त्याच्याही आधी ती गोष्ट येते." परटाच्या हौदात कपडे शिळ्या मुतात भिजतात ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, म्हणून गल्ली हसायची. मग लार्तियसही हसायचा आणि वोपिस्कसचा जुना तोगा उचलून न्यायचा. तो बापाचा तोगा. वोपिस्कस बुटका, बाप ताडमाड, त्यामुळे तोगा पायात लोळायचा. दर निवडणुकीला लार्तियस तो धुऊन द्यायचा आणि बदल्यात एक करंडा घ्यायचा.

ज्याला कोणी विचारत नव्हतं, त्याच्याइतका अभ्यास मात्र अख्ख्या नदीकाठी कोणाचा नव्हता. दर बाजारच्या दिवशी टोपल्या खांद्यावर टाकून तो चौकात जाई. विकून झाल्या तरी परतायचा नाही. कोण कसा बोलतो, कोणी मागच्या कामात काय केलं, कोण नुसताच हात हलवतो, सगळं ऐकून घेई. घरी येऊन तो हेरेनियाला सांगू लागला, की ती कढईतली पेज ढवळत म्हणायची, "अहो, तुमचं मत मला कळलं. आता ते मीठ कुठं ठेवलंय तेवढं सांगा."

त्या बत्तिसाव्या वर्षी द्राक्षांचा हंगाम संपला होता, नवा रस रांजणात खदखदत होता. एक कॉन्सल कोण होणार ते पोरासोरांनाही ठाऊक होतं. झुंज होती ती दुसऱ्या जागेसाठी, ओगुल्नियस आणि साल्वियस या दोघांत. साल्वियसने नदीकाठच्या सगळ्या गल्ल्यांना उकडलेले हरभरे आणि नवी वाइन वाटली. वोपिस्कसने दोन वाडगे हरभरे खाल्ले आणि तिसऱ्याला हात पुढे केला. ओगुल्नियस मात्र काही वाटत नव्हता. तो पांढराशुभ्र तोगा घालून गल्लीतून आला, लोकांचे हात हातात घेत. मागे त्याचा दामा नावाचा जाडा नोकर होता, समोरच्याचं नाव धन्याच्या कानात सांगणारा. ओगुल्नियसचा हात वोपिस्कसच्या हातापाशी पोचणार, एवढ्यात दामा त्याच्या कानात म्हणाला, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं: "हा सोडा, मालक. शेवटच्या जथ्यातला आहे. याच्यापर्यंत पाळी कधी येत नाही."

हात मागे गेला. वोपिस्कस आपल्या रिकाम्या तळव्याकडे बघून हसला आणि परत फोक सोलू लागला.

हेरेनिया मात्र तापली. "बघितलंत? आणि याचं तुम्ही गुणगान गाता!"

"त्याने नदीचा बांध दुरुस्त केला होता," वोपिस्कस सावकाश म्हणाला. "बाजार आणि रस्त्यांचं काम त्याच्याकडे होतं तेव्हा. त्यानंतर आपल्या चुलीत पाणी शिरलं का?"

"नाही शिरलं."

"मग?"

"मग हरभरे कोणाचे खाल्लेत?"

"हरभरे चांगले होते," वोपिस्कस म्हणाला.

निवडणुकीच्या दिवशी पहाटे शिंग वाजलं तेव्हा तो उठून, तोंड धुऊन, तोगा सावरत उंबऱ्यात उभा होता. हेरेनिया झोपेतच म्हणाली, "दुपारी येताना कांदे आणा." दरसाल तो दुपारी यायचाच.

माळावर थंडी होती. श्रीमंतांचे जथे आत गेले, बाहेर आले. पहिला कॉन्सल उन्हं वर यायच्या आतच ठरला. मग दुसऱ्या जागेसाठी तेच जथे पुन्हा पहिल्यापासून आत जाऊ लागले, आणि दवंडीवाला ओरडू लागला: ओगुल्नियस, साल्वियस, साल्वियस, ओगुल्नियस, ओगुल्नियस. पहिला वर्ग फुटला. दुसराही फुटला. दुपार झाली आणि तिसऱ्या वर्गाला बोलावणं गेलं, तेव्हा माळावर कुजबुज सुरू झाली. चौथा वर्ग आत चालला तेव्हा लोक टाचा उंचावून बघू लागले. पाचव्या वर्गाचं नाव पुकारलं आणि लार्तियस परीट छाती काढून वोपिस्कसच्या समोरून गेला.

"दुसऱ्यांदा!" तो बोट नाचवत म्हणाला. "आयुष्यात दुसऱ्यांदा!"

"जा जा. लवकर उरक, मागे माणसं आहेत," वोपिस्कस म्हणाला. हे तो हसण्यावारी बोलला. पण बोलल्यावर तो आपला तोगा पुन्हा पुन्हा सावरू लागला.

तिकडे हेरेनिया घरी पेज निवत ठेवून कंटाळली, आणि मग घाबरली. म्हातारा पडला की काय माळावर? चीज आणि भाजलेले चेस्टनट पदरात बांधून ती निघाली, ती तडक कुंपणापाशी आली. "अहो! जिवंत आहात ना?"

"आहे गं. थांब. मोजतायत."

सूर्य जानिकुलमच्या माथ्यावर टेकायला आला होता. निशाण त्याच्यासमोर काळं दिसत होतं. सूर्य बुडाला की ते उतरणार, सभा मोडणार, आणि सगळं पुन्हा दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी पहिल्यापासून. त्या दिवशी पुन्हा श्रीमंतांपासून सुरुवात.

दवंडीवाला चौथऱ्यावर चढला. "ओगुल्नियस, शहाण्णव! साल्वियस, शहाण्णव!"

एकच जथा उरला होता.

शेवटच्या जथ्यातले, संध्याकाळपर्यंत टिकून राहिलेले पन्नाससाठ लोक, हमाल, नावाडी, कोळी, कुंभार, सगळे क्षणभर नुसते उभे राहिले. बोलावणं आपल्याला आहे, हे कानांना पटेना. मग कोणी तरी हसलं, कोणी रडू लागलं, आणि एक कोळी आपल्या शेजाऱ्याला मिठी मारून ओरडला, "अरे, चल, चल, विचारतायत!" कुंपणाचं तोंड उघडलं. वाट बघूनच म्हातारे झालेले बरेच जण तिथे होते, पण त्यांनी एकमुखाने म्हटलं, "आधी ताटीवाला. त्याच्याच घरातलं कुंपण आहे हे."

वोपिस्कस पुढे झाला. दोन्ही बाजूंना त्याच्या हातच्या ताट्या होत्या. कुठली कोणत्या दिवशी विणली, कुठल्या दिवशी पाऊस होता, कुठली विणताना हेरेनिया गात होती, सगळं त्याला हाताच्या बोटांनी ठाऊक. पाय हलके झाले होते. शेवटची ताटी आली, फळी आली. त्याने फळीवर पाऊल टाकलं, आणि कोणी तरी मागून तोगा खसकन ओढावा तसा झटका बसला. म्हातारा फळीवर आडवा झाला. त्यात त्याचं अंग आनंदाने कापत होतं.

कुंपणाबाहेरून दामाचा आवाज आला, "फेपरं! त्याला फेपरं आलंय! सभा मोडा!"

सभेत कोणाला फेपरं आलं तर तो देवाचा कौल. सभा त्याच क्षणी मोडायची, त्याला कोणी ना म्हणू शकत नाही. दामाला हे पक्कं ठाऊक होतं, आणि हरभरे खाल्लेला हा जथा साल्वियसकडेच जाणार, हेही ठाऊक होतं. "फेपरं! बघा कसा कापतोय!"

"मेल्या, तुझ्या जिभेला येवो!" हेरेनिया पलीकडून कडाडली.

चौथऱ्यावर बसलेला सभेचा अध्यक्ष उठून उभा राहिला. मागे सूर्याचा खालचा काठ टेकडीआड गेला होता. "काय झालं तिथे? माणूस शुद्धीवर आहे का?"

वोपिस्कस पालथा पडला होता. त्याला उठायची घाई होती, पण आयुष्यभराची सवय अशी की घाई जमेना. तो सावकाश वळला आणि त्याने आपल्या तोग्याचं टोक कशात अडकलंय ते पाहिलं. वीतभर फोक. बापाने पाडलेली चाल. त्याच्याच हाताने, बत्तिसाव्यांदा, न छाटता ठेवलेलं शेपूट.

आणि तो हसू लागला. फळीवर बसल्या बसल्या, पोट धरून.

"महाराज," तो म्हणाला, "फेपरं मला नाही आलं. माझ्या ताटीला आलंय. हे बघा, सोडत नाही मला!"

त्याने तोगा ओढून दाखवला. फोक वाकला, तोगा ताणला, आणि फोक परत झटक्याने सरळ झाला. जवळचे हसले. मग ज्यांना दिसलं नाही त्यांना जवळच्यांनी सांगितलं, मग ते हसले. हसू पार वेशीपर्यंत गेलं.

अध्यक्षाने ओठ दाबून धरले. "इतकी वाईट ताटी कोणी विणली?"

"मीच."

"मग पडायचा हक्क तुझाच. आणि पुढे जायचाही. ऊठ, सूर्य थांबत नाही!"

मागच्या कोळ्याने तोगा सोडवला. तोग्याचा वीतभर तुकडा फोकावरच राहिला. वोपिस्कस फळीवरून चालत गेला. शेवटी मत विचारणारा उभा होता, तरणा, दिवसभर उभं राहून थकलेला. त्याने पाटीवरून मान वर न करताच विचारलं, "कोण?"

अठ्ठावीस आणि बत्तीस, साठ वर्षांचा प्रश्न होता तो. वोपिस्कस पुढे वाकला.

"परत विचार की, लेकरा."

विचारणाऱ्याने मान वर केली. म्हाताऱ्याचं तोंड बघितलं आणि त्याचा आवाज आपोआप मऊ झाला. "बाबा, तुमचं मत कोणाला?"

"ओगुल्नियस," वोपिस्कस स्वच्छ म्हणाला.

कुंपणाला टेकलेल्या दामाचं तोंड उघडंच राहिलं.

मागून रांग धावतच आली. नाव, टिंब, नाव, टिंब. टेकडीवर सूर्याची नखाएवढी कड उरली असताना शेवटचा माणूस फळीवरून उतरला. दवंडीवाला ओरडला, "साल्वियस!" आणि माळ गर्जला. मग निशाण उतरलं.

लार्तियस धावत आला. नेहमीची पायरी तो या वेळी विसरला होता. "गड्या, काय सांगितलंस? कोणाचं नाव घेतलंस?"

"ओगुल्नियसचं."

"हरला की तो!"

हेरेनिया कंबरेवर हात ठेवून उभी होती. "साठ वर्षं वाट बघितली तुमच्या घराण्याने, आणि मत दिलं ते हरणाऱ्याला! वर ज्याचा माणूस तुम्हाला फेपरं आलं म्हणून ओरडला, त्यालाच!"

"ठरवून आलो होतो," वोपिस्कस तोगा झटकत म्हणाला. "त्याचा बांध मी बघितलाय. नोकराचं तोंड बघून कसं बदलू? आणि ज्याचे हरभरे खाल्ले त्याला बाकीच्यांनी दिलंच की. मी एकट्याने नाही दिलं म्हणून काय झालं?"

"काही नाही झालं," हेरेनिया म्हणाली, आणि पदरातला चेस्टनट सोलून तिने त्याच्या तोंडात घातला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "कांदे आणलेत का तेवढं सांगा."

लोक पांगले. ताट्या उपटायला माणसं आली. वोपिस्कसने त्यांतल्या एकाची कोयती मागून घेतली आणि शेवटच्या ताटीपाशी उकिडवा बसला. फोकावर बापाच्या तोग्याचा पांढरा तुकडा फडफडत होता. तो त्याने सोडवून कनवटीला खोचला. मग शेपटाच्या मुळाशी कोयती टेकवली आणि एका घावात ते छाटलं. छाटलेल्या जागेवरून त्याने अंगठा फिरवला. गुळगुळीत होती.

"झालं?" हेरेनियाने विचारलं.

"झालं. काम पुरं झालं," तो म्हणाला, आणि दोघं कांदे घ्यायला बाजाराच्या वाटेला लागले, सावकाश.